40 टक्क्यांच्या अलीकडेही समानतेचा हक्क असतो

दिव्यांगांच्या हक्काबद्दल कुठेही विचारायला जा, पहिला प्रतिप्रश्न ठरलेला असतो: "सर्टिफिकेट आहे? दिव्यांगत्व किती टक्के?" 40 पेक्षा कमी आकडा सांगितला की विषय संपतो. कॉलेजचा परीक्षा विभाग असो, ऑफिसची आस्थापना शाखा असो, हा एकच आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. आकडा खोटा नाही, कायद्यातच आहे. पण तो एका ठरावीक कामापुरता आहे. आरक्षण, सवलती आणि बऱ्याच योजनांसाठी 40 टक्के लागतात. तुम्हाला समान वागणूक मिळावी, त्यासाठी लागणारी सोय करून द्यावी, एवढ्यासाठी ते लागत नाहीत. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की हक्क असलेली माणसं काउंटरवरून परत फिरतात.

घटनेत काय आहे, काय नाही

संविधान चौक आणि दीक्षाभूमी असलेल्या नागपूरसारख्या शहरात कलम 14 आणि 15 तोंडपाठ असलेली माणसं कमी नाहीत. तरी कलम 15 एकदा शब्दाशब्दावर थांबून वाचावं. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान, एवढ्या कारणांवरून राज्याने भेदभाव करायचा नाही, असं तिथे लिहिलं आहे. दिव्यांगत्वाचं नाव त्यात नाही. सरकारी नोकरीबद्दलच्या कलम 16(2) मध्ये कूळ आणि निवासस्थान ही कारणं वाढतात, दिव्यांगत्व तिथेही येत नाही.

विकलांगतेचा उल्लेख येतो तो कलम 41 मध्ये. बेकारी, वार्धक्य, आजारपण आणि विकलांगता अशा अवस्थेत राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत साहाय्य करावं, असं ते सांगतं. पण हे मार्गदर्शक तत्त्व आहे आणि कलम 37 प्रमाणे मार्गदर्शक तत्त्वाची अंमलबजावणी थेट कोर्टातून करून घेता येत नाही. सातव्या अनुसूचीतल्या राज्यसूचीतही हा विषय 'साहाय्य' म्हणूनच येतो. घटना लिहिली गेली त्या काळात दिव्यांग माणूस मदतीचा विषय मानला जात होता, हक्कदार नव्हे. त्याची खूण या मांडणीत राहून गेली आहे.

मग हक्क येतो कुठून? कलम 14 आणि 21 मधून. या दोन कलमांत कारणांची यादीच नाही, 'कोणतीही व्यक्ती' एवढंच आहे. शिवाय कलम 14 दोन गोष्टी देतं: कायद्यापुढे समानता आणि कायद्याचं समान संरक्षण. दुसरा भाग लोक विसरतात. सारख्यांना सारखं वागवणं ही समानताच, पण ज्यांची परिस्थिती सारखी नाही त्यांना एकाच फूटपट्टीने मोजणं हीसुद्धा विषमता ठरते. डोळ्यांनी न दिसणाऱ्या परीक्षार्थीसमोर छापील पेपर आणि सगळ्यांसारखेच तीन तास ठेवले, तर वागणूक तंतोतंत सारखी झाली, संधी मात्र शून्य झाली.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला 1 ऑक्टोबर 2007 रोजी मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय करार पाळण्यासाठी कलम 253 खाली संसद कोणत्याही विषयावर, अगदी राज्यसूचीतल्या विषयावरही, कायदा करू शकते. त्या करारापोटी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते, आता 21 आहेत. मार्च 2025 मध्ये दृष्टिबाधितांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. या कायद्यातला भेदभावाविरुद्धचा हक्क मूलभूत हक्काच्या तोडीचा मानण्याची वेळ आली आहे, असं न्यायालयाने त्या निकालात म्हटलं. कलम 15 मधली पोकळी ही अशी निकालानिकालाने भरली जाते आहे.

एकाच कायद्यात दोन व्याख्या

सगळा गोंधळ 2016 च्या या कायद्याच्या कलम 2 मध्ये आहे. तिथे 'दिव्यांग व्यक्ती' ही एक व्याख्या आहे: शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची दीर्घकालीन कमतरता असलेली आणि आजूबाजूच्या अडथळ्यांमुळे इतरांच्या बरोबरीने समाजात पूर्ण सहभाग घेऊ न शकणारी व्यक्ती. या व्याख्येत टक्का नाही. अडचण फक्त शरीरात नसते, शरीर आणि अडथळा समोरासमोर आले की ती तयार होते, हे कायद्याने इथे मान्य केलं आहे.

दुसरी व्याख्या 'लक्षणीय दिव्यांगत्व' असलेल्या व्यक्तीची. एमपीएससीच्या जाहिरातीत वाचलेला शब्द तो हाच. किमान 40 टक्के हे इथे येतं. 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षण, उच्च शिक्षणात किमान 5 टक्के जागा, सरकारी नोकरीत किमान 4 टक्के जागा, हे सगळं या दुसऱ्या व्याख्येला जोडलेलं आहे. कलम 3, म्हणजे समानता आणि भेदभावाला मनाई, हे पहिल्या व्याख्येला जोडलेलं आहे. अर्ज करताना आपण कोणत्या व्याख्येखाली मागतो आहोत हे ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम झालं.

नोकरीतल्या 4 टक्क्यांबद्दल एक खुलासा, कारण यावर चौकाचौकांत वाद होतात. हे समांतर आरक्षण आहे. 100 जागांच्या भरतीत 4 जागा दिव्यांगांच्या धरल्या, तर त्या जातीनिहाय जागांच्या वर वेगळ्या टाकत नाहीत. निवड झालेला उमेदवार ओबीसी असेल तर त्या प्रवर्गातल्या जागेवर बसतो, खुल्या प्रवर्गातला असेल तर खुल्या जागेवर. त्यामुळे 50 टक्क्यांच्या मर्यादेचा मुद्दा इथे लागत नाही. 4 टक्क्यांची विभागणीही ठरलेली आहे: अंध आणि क्षीणदृष्टी 1, कर्णबधिर आणि ऐकण्यातील दुर्बलता 1, सेरेब्रल पाल्सी, कुष्ठमुक्त, मस्क्युलर डिस्ट्रॉफी आणि ॲसिडहल्लाग्रस्त यांच्यासह अस्थिव्यंग 1, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविध दिव्यांगत्व मिळून 1.

वाजवी सोय म्हणजे नेमकं काय

या कायद्याचा कणा इथे आहे. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क वापरता यावा म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य बदल, समोरच्यावर अवाजवी किंवा प्रमाणाबाहेर बोजा न टाकणारा, म्हणजे वाजवी सोय. आणि ही सोय नाकारणं हा भेदभावच, असं भेदभावाच्या व्याख्येतच लिहून ठेवलं आहे. इथे मेहेरबानीचा प्रश्न येतच नाही.

2021 चा विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग हा निकाल या बाबतीत माहीत असलाच पाहिजे. उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. नागरी सेवा परीक्षेसाठी त्याने लेखनिक मागितला. आयोगाने 40 टक्क्यांचा निकष पुढे केला. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: 40 टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, लेखनिक ही वाजवी सोय आहे आणि तिच्यासाठी ही अट लावता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने 40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या सूचनांत टक्केवारीच्या प्रमाणपत्राची गरज ठेवली नव्हती. लागायचं ते सरकारी रुग्णालयातल्या सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्यांचं, ठरावीक नमुन्यातलं, लिहिण्यातली अडचण नोंदवणारं प्रमाणपत्र. अनुग्रह कालावधी, म्हणजे जादा वेळ, ताशी किमान 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास.

टक्केवारीवरून उलट्या बाजूनेही अन्याय होतो. महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याला बोलण्यातलं दिव्यांगत्व 40 टक्क्यांवर आहे म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. आरक्षणासाठी 40 हवेत आणि 40 झाले की प्रवेश नाही, असा तो तिढा. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या आकड्यावरून अपात्र ठरवता येणार नाही. उमेदवार अभ्यासक्रम पूर्ण करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळाने पाहिलं पाहिजे आणि नकार असेल तर कारणं लिहिली पाहिजेत. म्हणजे टक्का हा मोजमापाचा एक आकडा, क्षमतेवरचा निकाल नव्हे.

सोय नाकारताना तीन कारणं हमखास ऐकू येतात. "नियमात तरतूद नाही" हे पहिलं. तरतूद कायद्यात असताना कार्यालयाच्या परिपत्रकात नसली म्हणून काही बिघडत नाही. "एकाला दिलं तर सगळे मागतील" हे दुसरं, आणि ते तर मुळातच गैरलागू, कारण वाजवी सोय माणूस पाहून ठरते. तिसरं कारण खर्चाचं. यात मात्र तथ्य असू शकतं, कारण कायद्याने अवाजवी बोज्याचा अपवाद ठेवला आहे. पण बोजा किती आणि तो का पेलवत नाही, हे नाकारणाऱ्याने दाखवायचं असतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणायला कितीसा खर्च येतो? शिवाय केंद्राच्या 2017 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की सोयीचा खर्च, पूर्ण किंवा अंशतः, दिव्यांग व्यक्तीकडून घेता येणार नाही.

नोकरीत असताना अपघात किंवा आजाराने दिव्यांगत्व आलं, तर कलम 20(4) लक्षात ठेवा. सरकारी आस्थापनेला अशा कर्मचाऱ्याला काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास निर्माण केलेल्या जादा पदावर ठेवायचं. घरच्यांना बोलावून 'स्वेच्छानिवृत्तीचा' कागद पुढे सरकवला जातो तो बहुतेक वेळा हे कलम माहीत नसल्याचा फायदा घेऊन. सही करू नका. सरकारी आस्थापनेत सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थाही येतात, म्हणजे अनुदानित शाळा आणि कॉलेजंसुद्धा.

रॅम्प आहे, पण चढता येत नाही

वाजवी सोय एका माणसासाठी असते आणि ती मागावी लागते. सुगम्यता, म्हणजे विनाअडथळा जाता-येता आणि वापरता येईल अशी रचना, सगळ्यांसाठी असते आणि ती कोणी मागितली नाही तरी आधीपासून असायला हवी. इमारतींच्या बाबतीत ती मोजूनच पाहावी. उताराचं प्रमाण 1:12 हवं, म्हणजे 1 सेंटिमीटर चढायला 12 सेंटिमीटर लांबी. धरमपेठ-सीताबर्डीकडच्या दुकानांना, दवाखान्यांना साधारण तीन पायऱ्या असतात. एक पायरी 15 सेंटिमीटर धरली तर चढ 45 सेंटिमीटरचा, आणि रॅम्पची लांबी 5.4 मीटर व्हायला हवी. प्रत्यक्षात जागा वाचवायला दीड मीटरचा सिमेंटचा उतार ओतला जातो. तो 1:3 च्या आसपास पडतो. त्यावर व्हीलचेअर ढकलणारा घसरतो आणि बसलेला मागे कलंडतो. तो माल चढवायचा उतार असतो, रॅम्प नव्हे. रुंदी किमान 1.2 मीटर, दोन्ही बाजूंना कठडा, वर दारापुढे दीड मीटर सपाट जागा आणि दाराची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर हवी. वरची सपाट जागा नसली तर दार उघडताना चेअर मागे सरकते.

कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आस्थापनेच्या आराखड्याला बांधकाम परवानगी किंवा इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. तरी अंमलबजावणी ढिली राहिली, त्यात नियमांची भाषाही आडवी आली. 2017 च्या नियम 15 ने ज्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवलं होतं त्या बहुतांशी 'करावे' अशा स्वरूपाच्या होत्या, 'केलेच पाहिजे' अशा नव्हत्या. राजीव रतुरी खटल्यात 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम 15(1) याच कारणाने कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक किमान मानकं वेगळी काढायला केंद्राला तीन महिने दिले.

अर्ज कसा लिहायचा

तोंडी मागितलेली सोय तोंडीच नाकारली जाते आणि मग पुढे दाद मागायला हातात काही राहत नाही. म्हणून साधा, एक पानाचा अर्ज. परीक्षेसाठी असेल तर विषयाची ओळ अशी: "दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 3, 16 व 17 अन्वये परीक्षेत वाजवी सोय मिळण्याबाबत." कलम 16 मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शिक्षणसंस्थांना वाजवी सोय द्यायला सांगतं, कलम 17 मध्ये जादा वेळ आणि लेखनिक यांचा नावानिशी उल्लेख आहे. सरकारी नोकरीसाठी 16 आणि 17 च्या जागी कलम 20 लिहा.

मजकुरात आजाराचा इतिहास नको. अडचण कामाच्या भाषेत लिहा: "सलग 15 मिनिटं लिहिल्यावर उजव्या हाताची बोटं आखडतात, पेन धरता येत नाही." मग नेमकी मागणी: लेखनिक, ताशी 20 मिनिटं जादा, तळमजल्यावर आसन. "योग्य ती सोय मिळावी" असं मोघम लिहिलं की समोरच्याला योग्य वाटेल ती, म्हणजे बहुधा काहीच नाही. शेवटी उत्तराची तारीख मागा आणि नाकारायचं असल्यास कारण लेखी द्यावं असं लिहा. दोन प्रती काढा, एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ईमेलही पाठवा.

परीक्षेच्या बाबतीत आणखी एक पायरी लागते. सोय मंजूर झाल्याचा कागद केंद्रावर सोबत न्या आणि केंद्रप्रमुखाला आधी भेटून या. 2021 च्या अवनी प्रकाश खटल्यात नीटच्या उमेदवाराला लेखनातील अक्षमता होती, जादा एका तासाचा हक्क होता, तरी केंद्रावर पेपर वेळेआधी काढून घेतला. सर्वोच्च न्यायालयाने चूक मान्य केली, परीक्षा यंत्रणेला उपाय करायला सांगितलं, पण फेरपरीक्षा काही मिळाली नाही. गेलेला तास कोर्टातून परत आणता येत नाही, तो त्याच दिवशी मिळवावा लागतो.

प्रमाणपत्र काढलेलं बरंच, जरी 40 खाली येईल असं वाटलं तरी. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज करून नागपुरातलं मेयो, मेडिकल किंवा जवळचं शासकीय रुग्णालय निवडायचं. कार्डावर पांढरी पट्टी 40 टक्क्यांखाली, पिवळी 40 ते 80 च्या आत, निळी 80 आणि त्यावर. पांढऱ्या पट्टीला बरेच जण निरुपयोगी समजतात, पण दिव्यांगत्व आहे याचा तो सरकारी पुरावा असतो. टक्का चुकीचा लावला असं वाटलं तर कलम 59 खाली अपील करता येतं.

नाही म्हटलं तर पुढे कुठे

सरकारी आस्थापनेतल्या नोकरीचा विषय असेल तर तिथल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जा. कलम 23 प्रमाणे तक्रार नोंदवल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी, समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. (याच कलमात मसुदा करणाऱ्यांची एक चूक राहिली आहे: अधिकारी नेमायचा तो कलम 19 साठी असं छापलं आहे, तक्रार मात्र कलम 20 ची. कोणी 19 दाखवून परत पाठवू लागलं तर कलम 23(2) वाचून दाखवा.) असा अधिकारी नेमलेला आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारलं तर 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. बऱ्याचदा तो अर्ज गेल्यावरच नेमणूक होते.

बाकी सगळ्या विषयांसाठी, खासगी आस्थापना धरून, राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. कार्यालय पुण्याला, पण नागपूरहून टपालाने किंवा ईमेलने तक्रार पाठवता येते. कलम 82 खाली त्यांना समन्स काढणं, कागदपत्रं मागवणं यासाठी दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. मर्यादा ही की शेवटी ते करतात ती शिफारस. संबंधित कार्यालयाने तीन महिन्यांत केलेली कारवाई कळवायची, आणि शिफारस मान्य नसेल तर कारणं द्यायची. ही कारणं फार महत्त्वाची, कारण पुढच्या कोर्टात तीच तपासली जातात. कायद्याच्या भंगासाठी कलम 89 मध्ये पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, नंतर 50 हजार ते 5 लाख दंड आहे. चारचौघांत जाणूनबुजून अपमान करणं, मारहाण, उपासमार अशा गोष्टी कलम 92 खालचे गुन्हे आहेत, शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. ती तक्रार थेट पोलीस ठाण्यात.

वेळ कमी असेल, म्हणजे परीक्षा पंधरा दिवसांवर आली किंवा प्रवेशाची फेरी सुरू आहे, तर आयुक्तांच्या तारखांची वाट बघू नका. अर्जाची पोच आणि लेखी नकार, किंवा नकारही न दिल्याची स्मरणपत्रं, एवढे कागद घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात घटनेच्या कलम 226 खाली याचिका करता येते आणि तातडीचा अंतरिम आदेश मागता येतो. विलंब मात्र नडतो: परीक्षेच्या आदल्या दिवशी आलेल्या याचिकेत न्यायालयालाही फारसं करता येत नाही.

वकिलाच्या फीची भीती असेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 मध्ये दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि तिला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा, उच्च न्यायालयासाठी खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे. तिथे उत्पन्नाचा दाखला मागितलाच तर हेच कलम अर्जात लिहून द्या.